गिअरची गाडी

अर्धांगवायूचा झटका येऊन गेल्यापासून रवींद्ररावांची मोटारसायकल आनंद नगरच्या घरासमोर शेडखाली उभी होती. काठी टेकत ते व्हरांड्यापर्यंत येत, पण शब्द त्यांच्या हाती लागत नसत. चष्मा हवा असला की 'पाणी' म्हणायचे आणि चुकलं हे स्वतःलाच कळलं की तोंड फिरवून बसायचे. त्यांची बायको रजनी घाईघाईनं योग्य शब्द पुरवायची. त्यानं ते आणखीच गप्प होत. आंबा-मांजराची चित्रं दाखवणाऱ्या थेरपिस्टकडे जाणंही त्यांनी बंद केलं होतं.

गाडी विकायचं रजनीनंच ठरवलं. शेजारची मेघा एम. पी. नगरच्या एका कोचिंगमध्ये शिकवायची. "काकू, मला स्कूटी नको, गिअरचीच हवी," ती म्हणाली. "संडेला येऊन चालवून बघते."

शनिवारी सकाळी रजनीनं गाडी पुसली आणि किक मारून पाहिली. आयुष्यभर मागच्या सीटवर बसलेली बाई ती! पाय भरून आला, गाडी ढिम्म. मेकॅनिकला फोन करायला ती वळली, तेवढ्यात व्हरांड्यातून आवाज आला.

"पेट्रोल... जुनं. काढ."

"मी?"

"मग... कोण?"

रवींद्रराव खुर्ची पुढे सरकवून बसले होते. त्यांनी डाव्या हातानं दाखवलेला कार्बोरेटरखालचा स्क्रू तिनं सैल केला. वाटीत पिवळट, आंबूस वासाचं पेट्रोल ठिबकलं. मग टाकीतलंही काढून तिनं ताजं भरलं. तरी गाडी बोलेना.

"प्लग."

पान्यानं तिनं प्लग काढला. टोक काजळीनं काळं झालेलं. पॉलिश पेपरनं घासून स्वच्छ केलं. आता तो वायरच्या टोपीत बसवून इंजिनला टेकवायचा आणि किक मारून ठिणगी पडते का बघायचं, एवढं तिला खुणांनी कळलं. ती पाय उचलणार तोच ते ओरडले, "आधी ती वाटी लांब ठेव!"

रजनी जागच्या जागी थांबली. इतक्या महिन्यांत एक आख्खं वाक्य! त्यांच्या मात्र ते लक्षातही आलं नव्हतं; त्यांची नजर पेट्रोलच्या वाटीवर होती. तिनं मुकाट्यानं वाटी फाटकापाशी नेऊन ठेवली.

निळी ठिणगी दिसली. प्लग परत बसवल्यावर थोड्याच किकांत गाडी धूर ओकत सुरू झाली. रवींद्रराव मान कलती करून आवाज ऐकत राहिले.

दुपारी रॉकेल आणि जुना ब्रश घेऊन तिनं चेन साफ केली. वर तेल सोडता सोडता म्हणाली, "अहो, नकोच विकायला. हिच्यामुळे बोलताय तुम्ही."

त्यांनी उजवा हात मांडीवरून उचलायचा प्रयत्न केला, थोडा उचललाही, मग ठेवून दिला.

"मी... नाही चालवणार आता."

इतके दिवस हे कोणीच उच्चारलं नव्हतं.

"ती चालवेल," ते म्हणाले.

रविवारी ते स्वतः फाटकापर्यंत गेले. मेघाला चेनला तेल घालायचं सांगताना तोंडून 'चमचा' निघालं. ते लाल झाले. मेघा हँडल धरून नुसती उभी राहिली, हसली नाही की शब्द सुचवला नाही. "चेन," ते शेवटी म्हणाले. "पावसात... लवकर लवकर घालायचं."

"हो काका."

मेघानं गाडी घेतलीच. ती कोपऱ्यावरून वळेपर्यंत ते बघत होते. त्या दिवशी मात्र जेवले नाहीत.

बुधवारी कोचिंगच्या वाटेवरून मेघाचा फोन आला. "काकू, गाडी दम धरत नाहीये. रेस दिली की बुझतेय, बंदच पडते. काका आहेत?"

रजनीनं फोन स्पीकरवर टाकून त्यांच्या डाव्या हातात दिला.

"पेट्रोल?"

"फुल आहे."

"एअर फिल्टर... उघड. आत..." ते अडले. ओठ हलले, कपाळावर शीर उठली. "आत... ते..."

शब्द रजनीच्या जिभेवर आला होता. तिनं तो गिळला, उठली आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाच कणकेचा डबा उघडून उभी राहिली.

बाहेर फोनमधून नुसती रहदारी ऐकू येत होती. मेघाही वाट बघत होती.

"उंदीर!" रवींद्रराव जवळजवळ ओरडलेच. "उंदरानं घर केलं असेल बघ!"

पलीकडून झाकण उघडल्याचा खडखडाट आला, मग मेघाची किंकाळी आणि पाठोपाठ हसू. "काका, फिल्टरचा पूरा पेपर कुरतडून ठेवलाय!"

"नवा घाल फिल्टर," ते म्हणाले. "आणि मग... फोन कर मला."