डिंकाखालच्या दोन ओळी

मित्रांनो, मी एक जुना फोटो आहे. काळा-पांढरा, हाताच्या पंजाएवढा. एका वर्तमानपत्राच्या कचेरीत, लोखंडी कपाटाच्या तिसऱ्या खणात, खाकी पाकिटात माझे आयुष्य गेले.

माझा जन्म युद्धातला. पडक्या पुलावरून एक जवान दुसऱ्या जखमी जवानाला पाठीवर घेऊन येतो आहे, एवढेच माझ्यात दिसते. दोघेही चिखलाने इतके माखलेले, की सख्खी आईही ओळखणार नाही. म्हणून फोटो काढणाऱ्याने माझ्या मागे पेन्सिलीने दोन ओळी लिहिल्या. वाहून आणणारा पलटणीतला आचारी, पाठीवरचा अधिकारी. पुढे दोघांची नावे.

आमच्याकडे एक पद्धत आहे. फोटो छापून आला की त्याचे कात्रण फोटोच्याच मागे डिंकाने चिकटवायचे. पहिल्याच वेळी छापताना नावांची अदलाबदल झाली आणि ते कात्रण नेमके पेन्सिलीच्या ओळींवर बसले. तेव्हापासून माझा श्वास कोंडला आहे.

यंदा तो अधिकारी निवडणुकीला उभा राहिला आणि माझे नशीब फळफळले. मी पहिल्या पानावर आलो, टीव्हीवर आलो, चौकाचौकात झळकलो. साथीदाराला पाठीवर वाहणारा वीर म्हणून त्याचे गोडवे गायले गेले. बातमीदार यायचे, कात्रणावरची नावे उतरवून घ्यायचे आणि जायचे. खुद्द उमेदवाराने मला एकदा हातात घेतले, बराच वेळ पाहिले आणि पुन्हा पाकिटात सारले. मला ओरडावेसे वाटले. पण फोटोला कुठला आवाज!

मग एक दिवस आचाऱ्याची मुलगी आली. संपादकांना म्हणाली, “वाहून आणलं ते माझ्या बाबांनी. तेव्हा धरलेली पाठ अजून सुटली नाही. आता नातवंडं त्यांनाच विचारतात, आजोबा, तुम्हाला उचलून आणलं होतं ना? ते अंथरुणाला खिळलेत, ऐकूही कमी येतं. त्यांच्या हयातीत खरं छापा, एवढंच.”

डिंक सुटावा म्हणून फोटो सांभाळणाऱ्या बाईंनी कापूस ओला करून आणला होता. कात्रणाच्या कडेला पेन्सिल दिसते आहे, असे त्या सांगत होत्या.

संपादक म्हणाले, “मतदान होऊ द्या. आत्ता छापलं तर आपण कुणाची तरी बाजू घेतली असं होईल.”

मतदान झाले. तो निवडून आला. मी पुन्हा छापला गेलो आणि पद्धतीप्रमाणे बाईंनी विजयाचे कात्रण आधीच्या कात्रणावर चिकटवले. डिंक पक्का बसला.

मित्रांनो, कधी माझे पाकीट तुमच्या हाती आले, तर मला नुसते पुढून पाहून ठेवून देऊ नका. मागे ओला कापूस ठेवा आणि घाई करू नका. अक्षर पुसट असेल, पण आहे. आचाऱ्याचे नाव सापडले की त्याच्या घरी जाऊन वाचून दाखवा. जरा मोठ्याने वाचा, त्याला कमी ऐकू येते.