लॉकर क्रमांक सत्तावन्न

मित्रांनो, मी विद्यापीठाच्या कॉरिडॉरमधला एक जुना लोखंडी लॉकर आहे, क्रमांक सत्तावन्न. माझ्यात सांगण्याजोगं काही आहे का, याची मला शंकाच वाटते. पण ऑड्रेबद्दल मी नाही सांगितलं, तर कोण सांगणार?

ऑड्रे क्विल्टी अकरा वर्षं नर्सिंगच्या मुलांना शरीररचना शिकवत होती. नेमणूक एकेका सत्राची, म्हणून तिला खोली नव्हती, मी होतो. माझ्यात तिचा स्वेटर, चहाचा मग आणि बुटांच्या खोक्यात प्लास्टरचा, हाडांचा एक हात असे. मुलं शंका घेऊन आली की समोरच्या बाकावर तो हात मांडीवर घेऊन ती एकेक हाड समजावून सांगे. माझ्या दाराला टेकलेल्या मुलांचं ‘अच्छा, असं होय!’ मी कितीदा ऐकलंय.

सत्र संपलं की मला रिकामं करून किल्ली परत द्यायची आणि नव्या सत्राला पुन्हा मागून घ्यायची, असा नियम. पुढच्या नेमणुकीचं पत्र वर्ग सुरू झाल्यावर कधीतरी येई. विभागप्रमुख डेस्मंड ते माझ्या फटीतून आत सरकवी. तोवर ती नुसत्या भरवशावर शिकवी.

या फेब्रुवारीत, वर्ग सुरू व्हायच्या आठवड्यात, तिने त्याला इथेच गाठलं.

“डेस, गावातली शाळा मला कायमची नोकरी देतेय. शुक्रवारी उत्तर हवंय त्यांना. मला इथेच राहायचंय रे. एक कागद दे, बस.”

“तू आणि शाळेत? अगं, तू गेलीस तर इमारत कोसळेल!”

“अकरा वर्षं हेच ऐकतेय. इमारत ठणठणीत आहे, या बाकावर माझी पाठ तेवढी गेली.”

डेस्मंड हसला. “शुक्रवारी सही होते. नक्की.”

शुक्रवारी ती पाचपर्यंत बाकावर बसून होती. सफाई करणाऱ्या सिनाने विचारलं, “काय गं, बाक घरी न्यायचाय का?” ऑड्रे हसली नाही. तिने चहाचा मग सिनाला दिला, खोकं काखेत घेतलं आणि किल्ली कार्यालयात टाकली.

मंगळवारी डेस्मंड शीळ घालत आला आणि पत्र आत सरकवलं. ते माझ्या रिकाम्या तळावर आपटलं. त्या आवाजाने तो थबकला.

बाकावर एक मुलगी वही उघडून बसली होती. “ऑड्रे येईल ना आज?”



मित्रांनो, मला रंग लावू नका, माझ्या बिजागऱ्यांना तेलही नको. बाकावर वाट पाहणाऱ्या माणसाला वेळेवर उत्तर द्या. ते पत्र अजून माझ्यातच आहे. तीन वर्षांच्या नेमणुकीचं.