काठ वाढतो तशी पाठ

दिग्ना आन्चुंदियाची पाठ अकरा वर्षं दुखत होती. पीले गावात ताडपात्यांची टोपी विणतात ती लाकडी साच्यावर छाती टेकून, कमरेतून वाकून. पाठ सगळ्यांचीच दुखते. दिग्नाच्या मात्र आता बोटांनाही मुंग्या येत.

आरोग्य केंद्रातल्या ग्लेंदी नर्सने छापील प्रश्न वाचला, "दिग्नाबाई, तुमचं दुखणं कुणाच्या हातात? डॉक्टरच्या, देवाच्या की तुमच्या?"

"माझ्या हातात टोपी असते, पोरी. दुखणं पाठीत आहे."

ग्लेंदी हसली. "मग रोज किती दुखतं, त्याचा शून्य ते दहामधला एक आकडा वहीत लिहा. बघू काय निघतं."

तेव्हा दिग्नाच्या टोपीचा काठ, म्हणजे शेवटचा रुंद भाग, चालू होता. आठ, नऊ, नऊ. टोपी संपली. दुसऱ्याच दिवशी तिने नवी सुरू केली आणि आकडा आला तीन.

"काठाला पुन्हा रडलीस, तर ही शेवटची. मग विणणं बंद," नवरा नेप्ताली म्हणाला.

दिग्नाचं लक्ष वहीत होतं. "सगळे म्हणतात तसं वयाने दुखत असेल, तर आकडा खाली कसा आला?"

"मला काय विचारतेस? मी मासे धरतो."

टोपी रुंदावली तसा आकडा चढला. चार, पाच, सात. कामाचे तास तेच, पाती तीच. मग बदललं काय? तिने फेरे मोजले. माथ्याचा फेरा काही मिनिटांत संपतो, काठाचा संपायला अर्धी सकाळ जाते. आणि फेरा पुरा होईपर्यंत पीलेत कुणी मान वर करत नाही.

काठाच्या पहिल्याच फेऱ्यात ती मध्येच उठली आणि अंगणात चालून आली.

"अर्धा फेरा सोडलास?" सासू ओब्दुलिया ओरडली. "हाताची ओढ बदलते, बाई! भोक दिसेल, गिऱ्हाईक टोपी तोंडावर फेकेल."

"फेकू दे. निदान वाकून उचलता तरी येईल."

त्या काठाला ती रोज उठली, फक्त एका दिवशी नाही. उठली त्या दिवशी आकडे पाच-सहाच्या वर गेले नाहीत. पाठ दुखायची थांबली नाही.

टोपी झाल्यावर ओब्दुलियाने ती खिडकीशी धरली आणि ओळीवरून ओळ नजर फिरवली. काठात एका जागी वीण सैल होती.

"हे बघ. इथे उठलीस."

दिग्नाने फेरे मोजून वहीत त्या फेऱ्याची तारीख शोधली. त्या दिवसापुढे नऊ होता.

"नाही, सासूबाई. त्या दिवशी तुम्ही शेजारी उभ्या होतात. तिथे मी उठले नाही."

नेप्तालीने विचारलं, "मग आता?"

"आता पुढची टोपी," दिग्ना म्हणाली.