‘झालं’ म्हणणारा पहारेकरी

दवाखान्याच्या काउंटरवरच्या बाईंचा पुन्हा फोन. पेशंटचं नाव टाकलं की ‘नोंद झाली’ असं येतं, पण बाहेरच्या पडद्यावर रांग कालचीच. त्यातले काही एव्हाना बरेही झाले असतील, असं त्या शांतपणे म्हणाल्या. काका गोंधळले. एरर कुठंच नव्हती.

पन्नाशीच्या या प्रोग्रामरला ऑफिसात साहेबांसकट सगळे काकाच म्हणत. रांगेची यादी म्हणजे जावास्क्रिप्टमधला एक अ‍ॅरे. कोण त्यातून वाचतं, कोण त्यात लिहितं हे कळावं म्हणून काकांनी कालच त्याच्यापुढे प्रॉक्सी नावाचा पहारेकरी बसवला होता. आधी तो नाव टाकलं की एररची बोंब मारायचा. लिहून झाल्यावर त्यानं ‘ट्रू’, म्हणजे ‘झालं’, म्हणायचं असतं, असं काकांच्या वाचनात आलं. त्यांनी त्याला तेवढं शिकवलं. बोंब थांबली.

“काका, हा ‘ट्रू’ म्हणतोय खरा,” टीम लीडर वाकून बघत म्हणाली, “पण आत लिहितोय कुठं?”

लिहीतच नव्हता. आलेलं नाव गिळायचा आणि ‘झालं’ म्हणायचा. वाचायला जावं तर जुनीच यादी पुढे करायचा. एका ओळीत दुरुस्ती झाली, रांग हलली. काका मात्र खुर्चीतच बसून राहिले.

मुलानं नोकरी सोडली तेव्हा काका नको ते बोलले होते. तेव्हापासून बापलेकाचं बोलणं बायकोमार्फत चाले. मुलगा उद्या कायमचा परदेशी निघाला होता. माझं चुकलं म्हणावं, जाण्याआधी भेटून जा म्हणावं, असा निरोप काकांनी दिला होता. “सांगितलं,” बायको म्हणाली होती. तो काय म्हणाला? “बरा आहे.” दर वेळी बराच असायचा.

संध्याकाळी ती सिंकपाशी भांडी विसळत होती.

“तू त्याला नेमकं काय सांगितलंस?”

“सांगितलं की.”

“माझ्या शब्दांत?”

नळ बंद झाला. “तुमचे शब्द त्याला आणि त्याचे तुम्हाला पोचवत बसले असते, तर एव्हाना तोंडही बघितलं नसतंत एकमेकांचं. आताचा हा चांगला निरोपही तसाच राहिला. सवयीनं.”

रागवावं की आभार मानावेत, काकांना ठरवता येईना. त्यांनी नंबर लावला.

“बाबा?” पलीकडचा आवाज घाबरला होता. “आईला काय झालं?”

“काही नाही. बरी आहे.”

‘माझं चुकलं’ एवढंच म्हणायचं होतं. काकांनी फोन बायकोपुढे धरला. तिनं ओले हात पुसले आणि पाठीमागे घेतले.