जबड्यातला स्क्रू

माझ्या थोरल्याच्या हाताला चैन म्हणून नाही. धंद्यानं सुतार, बसवलेला प्रत्येक स्क्रू हलवून बघायची खोड. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी पडलेल्या दाताच्या जागी जबड्यात स्क्रू बसवून बजावलं, "तीन महिन्यांत हाड त्याला धरेल, मग वर दात. तोवर विडी नको, हात नको." विडी सुटली, पण जेवताना, कामावर, आरशासमोर बोट सारखं तोंडात. ओरडले तर म्हणे, "आई, घट्ट बसलाय का बघतोय गं."

आज हिरडी सुजली, स्क्रू डुगडुगायला लागला. बाईंनी तो काढला. घरी येताच बोट पुन्हा त्या खड्ड्याकडे! मी मनगटच धरलं.

"अरे शहाण्या, हाड म्हणजे फळी नव्हे, त्याला भरायला वेळ लागतो. तुझा दात तुझ्याच बोटानं खाल्ला. आता हात लावलास, तर दोन्ही हात बांधून मीच भरवीन!"