कडेचं पाणी

...शेवाळाचं टोक पलीकडे वळलं होतं. धक्क्याच्या लाकडी खांबाला चिकटलेलं, हिरवट-काळं, वीतभर लांब शेवाळ, पाण्यात सैल सोडलेलं — त्याचं टोक खरं तर त्यांच्या बोटीकडे यायला हवं होतं, आणि ते निघालं होतं उलट्या दिशेला, एखाद्याने झोपेत कूस बदलावी तसं सहज. त्याने पुढच्या खांबाकडे पाहिलं. तिथेही तेच. म्हणजे पाणी फिरलं. कडेचं पाणी फिरलं, ते आता मागून येत होतं, बोटीला हळूच पुढे रेटत होतं, आणि सुकाणूवर बसलेल्या त्याच्या धाकट्या मुलीला त्याचा पत्ताही नव्हता.

सांगावं? एकच शब्द पुरे. नुसतं 'पाणी' म्हटलं तरी पोर समजेल. पण तोंडाला कुलूप होतं, आणि ते तिनेच घातलेलं होतं, सकाळी दारात चपला सरकवता सरकवता — "बाबा, सुकाणूच्या दांड्याला हात लावायचा नाही. तोंडही उघडायचं नाही. खोकायचंसुद्धा नाही." त्यावर तिची आई आतून म्हणाली होती, "खोकला एक वेळ आवरेल त्यांना, बाकीचं काय आवरतंय!" दोघी हसल्या होत्या. तोही हसला होता, बघाच म्हणाला होता, आणि तेव्हापासून दोन्ही हात मांड्यांखाली दाबून तो असा बसून होता, शाळेत शिक्षा झालेल्या मुलासारखा.

शिडं केव्हाच उतरवून बांधलेली. इंजिन मंद. समोर धक्का, आणि धक्क्याला लागून उभ्या असलेल्या बोटींच्या रांगेत त्यांची रिकामी जागा — एका बोटीपुरती, वर थोडीशी. मागे गाळ उपसणारी जाड लोखंडी होडी, जिला कितीही धडका बसल्या तरी सोयरसुतक नाही. पुढे दंतवैद्याची नवीकोरी पांढरी बोट, जिच्यावर माशी बसली तरी दंतवैद्य फडकं घेऊन धावतो. आणि वारा समोरून. डोलकाठीच्या तारेला बांधलेला लोकरीचा लाल धागा तिच्या तोंडाकडे फडफडत होता, ती त्याच्याकडे बघत होती, मधूनच मान वळवून दूर भर पाण्यात नांगरलेल्या बोटींकडेही बघत होती. नांगरलेली बोट येणाऱ्या पाण्याकडे नाक करून राहते, आणि त्या बोटींची नाकं अजून यांच्या बोटीच्याच दिशेला होती. म्हणजे वारा समोरून, पाणी समोरून, दोघं मिळून बोट थांबवतील, आपण फक्त हळूहळू आत सरकायचं. तिचा हिशेब चोख होता. त्यानेच शिकवलेला हिशेब.

फक्त एक गोष्ट त्यात नव्हती. भरती-ओहोटी बदलते तेव्हा भर पाण्याच्या आधी कडेचं पाणी फिरतं. या धक्क्यापाशी तर नेहमीच. हे कुठल्या तक्त्यात नाही, ते इथे वर्षानुवर्षं बोट लावून कळतं, आणि हे आपण तिला कधी — सांगितलं नाही? सांगितलं असेल की. नाही सांगितलं? दुसऱ्यांच्या मुलांना शिकवताना तो हे पहिल्या आठवड्यातच सांगत असे. धक्क्यावरचे सगळे त्याला मास्तर म्हणायचे ते काही उगाच नाही. मग हिलाच कसं राहिलं? विसरून राहिलं, की एखादी गोष्ट माणूस स्वतःच्या खिशात ठेवतो, लागली तर असू दे म्हणून, तसं?

बोट पुढे आली. जरा जास्तच वेगाने.

जेवायच्या टेबलावर तिने विषय काढला तेव्हा त्याचा घास हातातच राहिला होता. नोकरी सोडली म्हणाली. बोट घेऊन किनाऱ्याकिनाऱ्याने खाली जाईन म्हणाली, एकटीच. तिकडे बोटी बांधायच्या कारखान्यात काम मिळतंय. "परत कधी?" आईने विचारलं. "बघू." त्या 'बघू'ने त्याचं डोकं फिरलं. थोरली अशीच बघू म्हणून गेली होती, आता तिचा फोन येतो, तोही घाईत. "आधी आपल्या जागेत एकटीने लावून दाखव," तो म्हणाला होता, "मग खुशाल घेऊन जा." "आणि नाही जमलं तर?" "नाही जमलं तर विषय बंद." त्याला वाटलं होतं ती चिडेल, वाद घालेल, दोन दिवस अबोला धरेल आणि तोपर्यंत काहीतरी सुचेल. ती नुसतं "चालेल" म्हणाली आणि वाटी पुढे केली.

"काय मास्तर! आज सारथी बदललेला दिसतो!" दंतवैद्य आपल्या बोटीच्या मागच्या टोकाला येऊन उभा राहिला होता. चेहऱ्यावर हसू, हातात मात्र रबरी फुगा, दोन बोटींच्या मधे धरायला तयार. हसणारा माणूस फुगा कशाला धरतो? त्याने मान डोलावली. बोलायची बंदी आहे, हे खुणेने सांगायला हात मोकळे नव्हते.

धाकटीने दंतवैद्याकडे पाहिलंही नाही. ओठ मुडपून घेतलेले, दांड्यावर हात हलका... हलकाच धरते ती. हे मात्र आपण शिकवलेलं नाही. लहानपणी ती दांडा असा आवळून धरायची की बोटं पांढरी पडायची, आणि तो तिच्या मागे बसायचा, आणि दांड्याच्या टोकाला गुडघा लावायचा. तिला दिसणार नाही असा. ती डोळ्यात तेल घालून समोर बघायची आणि तो गुडघ्याने बोट नेमकी आत आणायचा, आणि बोट लागली की ती टाळ्या पिटत धक्काभर सांगत सुटायची, मी लावली, मी एकटीने लावली! त्यात काय वाईट होतं? लहान पोर होती. पण ती मोठी होत गेली आणि गुडघा काही हलला नाही, आणि मग एकदा मैत्रिणीच्या बोटीवर तिने ऐटीत दांडा हातात घेतला आणि ती बोट एका अंगाने साफ खरवडून काढली. घरी आली ती रडत नव्हती. त्याच्यासमोर उभी राहून तिने विचारलं होतं, "आपल्या बोटीवर तुम्ही काय करता, बाबा?"

बोट लोखंडी होडीच्या पुढे सरकली. आता थांबायला हवी होती. वारा तोंडावर येतोय, बोट थांबेल म्हणून ती वाट बघत होती, आणि बोट थांबत नव्हती. पांढरी बोट मोठी होऊ लागली. तिच्यावरचं नाव वाचता येऊ लागलं, मग अक्षरांच्या कडेची सोनेरी रेघ.

सांग. सांग की रे! तिने बंदी घातली म्हणून काय झालं, बोटच आपटली तर बंदीला काय चाटायचंय? पण नाही. तिचीच अट आहे, मी पाळतोय, आयुष्यात एकदा पाळतोय, हेच तर हवं होतं ना तुम्हाला सगळ्यांना... आणि हे मनात घोळत असतानाच त्याला तो आवाज ऐकू आला, अजून न झालेला. धाड. फार मोठी नाही. दंतवैद्याचा आरडाओरडा. तिचा उतरलेला चेहरा. आणि आपण उठतो, दांडा हातात घेतो, म्हणतो, होतं असं, वाईट वाटून घेऊ नकोस, पुढच्या वर्षी बघू. पाठीवर हात ठेवतो. संध्याकाळी घरी तिघं जण जेवायला. पुढच्या वर्षीही तिघं.

त्याला हे हवं होतं. लख्ख कळलं त्याला. पोटच्या पोरीची बोट आपटावी म्हणून तो हात बांधून बसला होता, आणि वर त्याला शब्द पाळणं म्हणत होता. त्याला स्वतःची शिसारी आली. तोंड उघडलं — घशातून नुसतं घोगरं काहीतरी बाहेर आलं.

"बाबा." तिने मागे न बघता दटावलं.

त्याने तोंड मिटलं. आणि मिटताना, आता तर आपली काहीच चूक नाही, असा एक सुटल्याचा सुस्कारा आतल्या आत निघाला, त्याची तर त्याला जास्तच लाज वाटली.

मग तिचा हात दचकला. दांडा सैल पडला असणार. मागून पाणी आलं की सुकाणू ऐकेनासं होतं, हाताला ते कळतं, डोळ्यांना नाही. तिने पहिल्यांदाच खाली पाहिलं. बोटीला लागून फेसाचा एक पुंजका चालला होता, बोटीच्याही पुढे. ती क्षणभर त्या फेसाकडे बघत राहिली, आणि तिने दांडा रेटला, इंजिन मोठं केलं. बोट अख्खी थरथरली, नाक बाहेरच्या बाजूला फिरलं, मागचं अंग पांढऱ्या बोटीच्या दिशेने झोकत गेलं. दंतवैद्याने देवाला हाक मारली. दोन बोटींच्या मधून हात जेमतेम जाईल एवढ्या फटीतून पाणी उसळलं, आणि ते मोकळ्या पाण्यात आले.

मांड्यांखालचे हात बधिर झाले होते. ते त्याने बाहेर काढले.

इंजिन पुन्हा मंद करून तिने मोठा वळसा घेतला. तिच्या कपाळावर घाम होता, तो तिने दंडाला पुसला. बोट लागली नाही म्हणून ती हिरमुसलेली दिसत नव्हती. त्याला स्वतःला असा वळसा घ्यावा लागला की तो दिवसभर कोणाशी धड बोलत नसे.

"तुम्हाला दिसलं होतं," ती म्हणाली.

"हो."

"कधी?"

"आधीच. शेवाळ दिसलं मला, खांबावरचं."

तिने मागे वळून खांबांकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. पाहून ते नीट कुठेतरी ठेवून दिलं असं वाटलं. "मी गप्प बसायला सांगितलं, म्हणून बोलला नाहीत?"

सुटायला दार उघडून दिलं होतं पोरीने. हो म्हणायचं, एवढंच. आणि ते खोटंही नव्हतं पुरतं. "नुसतं तेवढ्यासाठी नाही," तो म्हणाला, आणि आपणच हे बोललो का याची खात्री नसल्यासारखा तो पाण्याकडे बघू लागला.

तिने पुढे विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं. चिडली असती, ओरडली असती, तरी चाललं असतं. ती नुसती त्याच्याकडे पाहत होती, आणि त्या पाहण्यात राग होता की कीव होती की दोन्ही नव्हतं, हे त्याला ओळखता येईना. जन्मल्यापासून ओळखतो मी हिला, असं तो सगळ्यांना सांगायचा.

"मधला दोर घ्या," ती म्हणाली. "खांबात टाकायचा. पण मी सांगेन तेव्हाच."

आता ती उलट्या बाजूने आली. पाणी समोरून, वारा पाठीवर. वारा बोटीला पुढे लोटत होता, पाणी मागे ढकलत होतं, आणि ती दोघांच्या मधे इंजिनाला जेमतेम श्वास देत, हलक्या हाताने, धागा सोडून फक्त पाण्याकडे बघत येत होती. पांढरी बोट मागे पडली. दंतवैद्य फुगा छातीशी धरून गप्प उभा होता. इकडे तो दोर घेऊन आपल्या बोटीच्या कडेला उभा राहिला, गुडघे किंचित वाकवून, फास हातात उघडा धरून, जे काम तो नेहमी ओरडून दुसऱ्यांकडून करून घेत असे. खांब जवळ आला. आणखी जवळ. आणि मग बोट थांबली. कशालाही न टेकता, कोणी न धरता, वारा आणि पाणी चालू असताना, खांबापासून हातभर अंतरावर ती उभी राहिली आणि तशीच राहिली. असं त्याला स्वतःला क्वचितच जमलं होतं. त्याने हळूहळू मान वाकवून आपला गुडघा पाहिला. तो तिच्यापासून, दांड्यापासून, केवढा तरी लांब होता.

हात वर गेला होता. सवयीने दोर टाकलाच असता.

"थांबा," ती म्हणाली.

तो थांबला. ती त्याच्याकडे नाही, पाण्याकडे बघत होती. तिला आणखी काहीतरी दिसत होतं, ते काय हे त्याला माहीत नव्हतं, आणि विचारायचीही हिंमत नव्हती. धाड ऐकायची आता इच्छा राहिली नव्हती, चुकूनसुद्धा. उलट जीव मुठीत धरून तो तिच्या तोंडून 'टाका' हा शब्द निघायची वाट बघत होता, निघाला की चुकायचा नाही म्हणून फास सारखा करत होता. आणि तरीही... तिने तो शब्द इतक्यात उच्चारू नये, आणखी थोडा वेळ उच्चारू नये, बोट अशीच उभी राहावी — ना बाहेर, ना आत — तिच्या हातात, आणि आपण तिने सांगितलं म्हणून थांबलेले, असं त्याला फार वाटू लागलं.