स्पिरिटने पुसलेलं कडवं

मित्रांनो, मी ग्रामोफोनची लाखेची एक जुनी तबकडी आहे. फार फिरले, आता थकले आहे.

अमेरिकेत एका काळ्या बाईने माझ्यावर आपलं दुःखाचं गाणं गायलं. तिकडे त्याला ब्लूज म्हणतात. तिच्या वस्तीत ते गाणं लोक उठून जाईपर्यंत चालायचं. पण माझ्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटं मावत. कंपनीचा माणूस म्हणाला, कडवी कमी कर. तिने नदीचं कडवं गाळलं, गेलेल्या लेकराचं गाळलं आणि तीनच ठेवली. तरी वेळ संपत आल्याचा समोरचा दिवा लागला आणि तिला शेवटचा सूर घाईने तोडावा लागला. तो तुटका सूर मी अजून अंगावर वागवते. जाझ वाजवणाऱ्यांचंही तेच व्हायचं. नुकता कुठे रंगात आलेला माणूस गप्प व्हायचा.

पुढे एक अमेरिकन इंजिनियर मला सौदीतल्या दहरानला घेऊन आला. त्याच्या घरी माझ्या तालावर पुष्कळ पावलं नाचली. परत जाताना त्याने मला आणि चावीचा ग्रामोफोन आपल्या स्वयंपाक्याला, रत्नागिरीच्या उस्मानला दिला. उस्मानने ते पुतण्याला दिलं. हा पुतण्या इसहाक, जेद्दात सुतारकाम करणारा. त्याला माझे शब्द कळत नसत. कामावरून आला की चावी फिरवायचा आणि म्हणायचा, ही बाई आपल्यासारखीच दमलेली दिसते. मग घरात टीव्ही आला, मोबाइल आले, आणि मी कपाटावर धूळ खात पडले.

यंदा इसहाकने कायमचं गावी जायचं ठरवलं. लाख ठिसूळ, सामानात मी धड पोचणार नाही, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. म्हणून त्याची लेक निदा म्हणाली, निघण्याआधी गाणं फोनमध्ये भरून घेऊ. माझा आवाज तेवढाच उरणार होता.

इसहाकची बायको नूरुन्निसा इस्पितळात आया. दिसेल ते स्पिरिटने पुसायचं, ही तिच्या हाताची सवय. नवऱ्याला बरं वाटावं म्हणून तिने मलाही कडेने तसंच पुसायला घेतलं. लाख स्पिरिटमध्ये विरघळते, मित्रांनो. माझ्या कडेच्या रेघा बुजल्या. सुई ठेवली तर नुसती खरखर. पहिलं कडवं गेलं होतं.

नूरुन्निसा म्हणाली, "चांगलं करायला गेले हो मी."

इसहाकने तिच्या हातातलं फडकं काढून घेतलं. मग म्हणाला, "माझ्या चपलासुद्धा तू स्पिरिटने पुसतेस. मीच कसा पुसायचा राहिलो कोण जाणे."

ती हसली नाही. त्याने सुई उचलून आत सरकवली, जिथून बाई गात होती तिथे. उरलेली दोन कडवी फोनमध्ये गेली, तुटका सूरही गेला. निदा फोन बंद करणार तोच इसहाकने हाताने थांबवलं. त्याने डोळे मिटले आणि गेलेलं कडवं स्वतःच गायला लागला. शब्द कसलेही होते, चाल मात्र बाईचीच.

मध्येच थांबून त्याने विचारलं, "जागा संपली असेल ना?"

"नाही संपत, अब्बा," निदा म्हणाली. "तुम्ही गा."

तो पुन्हा पहिल्यापासून गायला. या खेपेला नूरुन्निसाही हळूच गुणगुणली.

मित्रांनो, मी आता वाजणार नाही. आमच्यासारख्यांना पुसाल तर कोरड्या, मऊ फडक्याने पुसा. आणि घरात कुणी थकलेलं माणूस गात असेल, तर त्याला आटप म्हणू नका.